आमची वाटचाल : 253 व्होल्टच्या आत

दापोलीत मोटार रिवाइंडिंग करता करता आम्ही सोलरकडे वळलो. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतरची वर्षं कामातच गेली, ती सोडून देतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये घराच्या छतावरच्या सोलरसाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटला 78 हजार अनुदान म्हटल्यावर बाहेरची एक फर्म पडेल दरात वाड्यांत उतरली. डीपी, म्हणजे वाडीचा ट्रान्सफॉर्मर, किती केव्हीएचा, किती ताकदीचा, तीन फेजपैकी कुठल्या फेजवर किती घरं, कोण बघतो! एका वाडीत सगळं सोलर एकट्या आर फेजवर. निम्मी घरं चाकरमान्यांची, कुलूपबंद. भर दुपारी वीज खाणारं कोणी नाही, करंट लांबच्या बारीक तारेतून उलटा डीपीकडे, आणि शेवटच्या खांबावर व्होल्टेज 260 च्या वर.

घरचा ठरलेला व्होल्टेज 230, त्याच्या 110 टक्के म्हणजे 253. त्यापुढे इन्व्हर्टरने, म्हणजे पॅनलची वीज घरच्या विजेत बदलणाऱ्या यंत्राने, दोन सेकंदांत लाइनपासून सुटायचं, हा नियम. आमचे सुटायचे. त्या फर्मच्या पोरांनी कटऑफच, म्हणजे सुटायचा आकडाच, वर ओढून ठेवलेला, त्यांचे चालूच! झालं, गावभर बोभाटा: ‘ह्यांचा माल डुप्लिकेट.’ बुकिंग थांबलं, पुरवठादार उधारीसाठी दारात, आमच्या पोरांचे पगार बायकोच्या भिशीतून.

त्याच डीपीवरच्या काजूवाल्या काकू तेवढ्या म्हणाल्या, “तू तुझं यंत्र लाव, मग बघू कोण खोटं.” यंत्र म्हणजे आमचा व्होल्टेज लॉगर, क्लॅम्प मीटर त्या घडीचा आकडा देतो, हा दिवसभराचा आलेख काढतो. अकरापासून रेघ चढायची, तीननंतर उतरायची. एका दिवशी मात्र ऐन दुपारी खाली बसलेली. विचारलं तर काकूंनी त्या दिवशी इलेक्ट्रिक बोर्मा, म्हणजे काजूगर सुकवायची भट्टी, सकाळऐवजी दुपारी लावलेला! सोलरची वीज जागीच खपली. तेव्हापासून बोर्मा दुपारीच. रीतसर अर्ज करून घरंही तिन्ही फेजवर वाटून घेतली. इन्व्हर्टर सुटायचे थांबले.

तुम्हीही पंप, गिझर दुपारीच लावा. आणि पॅनलची वॉरंटी विचारता तशी इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतच्या एसी केबलची जाडी विचारा. अंतर लांब असेल तर चारऐवजी सहा स्क्वेअर एमएम भांडून टाकून घ्या.

ती फर्म आता फोन उचलत नाही. तिचे कटऑफ 253 वर आणायला आम्हालाच बोलावतात. व्हिजिट चार्ज आधी घेतो. काकूंकडून घेत नाही. त्या काजू देतात, तुकडा नव्हे, अख्खा.