दिवा हिरवा, पॅकेटं गायब

"सर, तुमच्याकडे हिरवंच दिसत असेल, पण इथे लोक ताटकळलेत. पासबुक छापायला घेतलं की स्क्रीन अडकते."

पतसंस्थेच्या त्या शाखेतल्या मॅडमचा तीन आठवड्यांतला हा तिसरा फोन. माझंही उत्तर दर वेळी तेच: लाइन व्यवस्थित आहे, उत्तर यायला सरासरी ४० मिलिसेकंद. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मात्र मला ते पटेना. शाखांच्या लाइनी तपासणारा माझाच कोड उघडून बसलो.

तो नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला. पलीकडून उत्तर येतं का ते बघणारा पिंग ज्या आयसीएमपी प्रोटोकॉलवर चालतो, त्याची सोय नोडमध्ये मुळातच नाही, म्हणून मी सिस्टिमचा पिंग चालवत होतो. दर पाच मिनिटांनी चार पॅकेटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे. पिंग संपताना देतो तो आकडा, म्हणजे एक्झिट कोड, शून्य आला की दिवा हिरवा. पण लिनक्सवर चारांतल्या एकाचं जरी उत्तर आलं तरी कोड शून्यच येतो! शिवाय सरासरी निघते ती परत आलेल्यांचीच. हरवलेल्या पॅकेटाला त्यात जागाच नसते.

मग शाखेच्या सर्व्हरशी दर दोन सेकंदांनी टीसीपी जोडणी, म्हणजे खरे व्यवहार जातात तशी जोडणी, करून बघायचं ठरवलं. जोडणीआधी आणि जोडणी झाल्याचा कनेक्ट इव्हेंट आल्यावर परफॉर्मन्स डॉट नाऊ हे फक्त पुढेच जाणारं घड्याळ वाचायचं. डेट डॉट नाऊ, म्हणजे सिस्टिमचं नेहमीचं घड्याळ, इथे वापरू नये. नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या एनटीपीने ते मागे सरकवलं तर वेळ चक्क उणे येते. नावाऐवजी थेट आयपी दिला, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचा वेळ त्यात मिसळणार नाही.

अकराला काउंटरवर गर्दी झाली आणि आकडे बदलले. ४१, ३९, १०४२, ४०, ३०४४, ४१. अधलंमधलं काही नाही, दोनशे नाही की पाचशे नाही. नोडमधली कामं एकेक करून हाताळणारा इव्हेंट लूप तुंबला असेल म्हणून तोही तपासला, मोकळा होता. तेव्हा लक्षात आलं. जोडणी सुरू करणारं पहिलं सिन पॅकेट हरवलं तर माझ्या मशीनवरचं जुनं (६.५ आधीचं) लिनक्स एक सेकंद वाट बघून ते पुन्हा पाठवतं, तेही गेलं तर आणखी दोन सेकंदांनी. १०४२ म्हणजे एक पॅकेट गेलं, ३०४४ म्हणजे लागोपाठ दोन. मी उशीर मोजायला बसलो होतो, आणि समोर गळती दिसत होती.

कारण राउटरवर सापडलं. त्याचा पोर्ट कोणीतरी १०० मेगाबिट फुल डुप्लेक्सवर, म्हणजे एकाच वेळी पाठवणं आणि घेणं यावर, पक्का करून ठेवला होता. पलीकडचं उपकरण ऑटोवर, म्हणजे वेग आणि पद्धत आपसांत वाटाघाटीने ठरवणारं. वाटाघाटीला उत्तर न मिळाल्याने ते हाफ डुप्लेक्सवर, म्हणजे एका वेळी एकच बाजू बोलेल यावर, आलेलं. रहदारी कमी असताना हे खपून जातं, गर्दीत टकरा होतात. दोन्ही बाजू ऑटोवर केल्या आणि दुपारभर एकही आकडा हजारावर गेला नाही. मॅडमना मीच फोन केला, माफी मागितली.

संध्याकाळी बाकीच्या शाखांच्या जुन्या नोंदी काढल्या. त्यांत नुसत्या सरासऱ्या होत्या. कुठे, कधी, किती पॅकेटं गेली, ते आता त्यातून निघणार नाही. त्याच रात्री कोड बदलला. आता प्रत्येक पिंगची वेळ वेगळी नोंदली जाते, आणि हरवलेल्याच्या जागी शून्य नाही, नल, म्हणजे 'मोजमापच नाही', लिहिला जातो.