वहीतल्या एकशे बारा नोंदी

मंगळवार, रात्री पावणेबारा

सिनेमा संपला, नावं वर सरकायला लागली आणि पोटात गोळाच आला. नावं तेल लावल्यासारखी गुळगुळीत सरकत होती. सेकंदाला २४ चित्रांच्या सिनेमात अक्षरं अशी सरकत नाहीत. नीट बघितलं तर प्रत्येक ओळ बारीक बारीक ठेचकाळत वर जाते. म्हणजे टीव्हीचं मोशन स्मूदिंग, हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग, चालू होतं. आणि मी तर ते बंद केलेलं होतं.

बंद केलं होतं, पण डिस्क प्लेअरच्या इनपुटवर. बऱ्याच टीव्हींमध्ये हे सेटिंग प्रत्येक इनपुटला आणि प्रत्येक पिक्चर मोडला वेगळं साठवलं जातं, एचडीआरला (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या चित्राला) पुन्हा वेगळं. गेले आठ महिने मी बघतेय ते सगळं टीव्हीतल्याच ॲपवर. तिथे ते पहिल्या दिवसापासून चालू असणार.

आठ महिने, सिनेमांच्या वहीत ११२ नोंदी. मूकपटापासून परवाच्या भयपटापर्यंत. आता त्यातली कुठली माझी म्हणायची?

टीव्ही काय करतो ते मला चांगलं माहीत आहे, म्हणून जास्त लागतंय. दोन चित्रांच्या मध्ये वस्तू कुठे असेल याचा अंदाज बांधून तो नवी चित्रं तयार करतो. पडदा १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दाखवणारा असेल आणि सेटिंग पूर्ण चढवलेलं असेल, तर कॅमेऱ्याने टिपलेल्या एका चित्रामागे चार चित्रं यंत्राची. त्याचा अंदाज चुकतो तो हात झपकन चेहऱ्यासमोरून गेला की, किंवा जाळीमागून कुणी चाललं की. कडेभोवती पाणी हलल्यासारखं दिसतं. अंदाज बरोबर आला तरी नुकसान आहेच. हालचालीतला तो किंचित धूसरपणा, ज्याने पडद्यावरचं जग आपल्यापासून थोडं दूर राहतं, तो जातो. सेट सेट दिसतो, विग विग दिसतो.

आणि माझ्या वहीत पानोपानी काय आहे? ‘नाटकी.’ ‘खोटं वाटलं.’ ‘मालिकेसारखं.’

‘सेव्हन समुराई’ची नोंद काढून बघितली. कुरोसावाचा १९५४ चा सिनेमा. सुरुवातीलाच मुलाला ओलीस धरणारा चोर झोपडीतून धडपडत बाहेर येतो आणि कोसळतो, तो स्लो मोशनमध्ये. मधेच बघ्यांचे चेहरे येतात, ते मात्र नेहमीच्या वेगात. दोन वेगांच्या या फटीत मृत्यू दिसतो, सगळी करामत तिथे आहे. माझी नोंद: ‘पडणं उगाच लांबवलंय.’ यंत्राने दोन्ही वेग एकाच गुळगुळीत पातळीवर आणून ठेवले आणि बोल लागला कुरोसावाला. वडाची साल पिंपळाला.

२०१८ चा ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’ तर त्याहून वाईट. त्यात सुरुवातीला नवशिक्या नायकाची, माइल्सची हालचाल बऱ्याच ठिकाणी सेकंदाला १२ चित्रांत आहे आणि सोबतच्या अनुभवी पीटरची २४ मध्ये. पोरगा अजून अडखळतोय, हे संवादाआधी डोळ्यांना कळावं म्हणून. मला ते कळलंच नाही. कसं कळणार? मधली चित्रं भरून टीव्हीने पोराला आधीच तरबेज करून टाकलं होतं. दादाने तो इतक्या आग्रहाने दाखवला आणि त्याला मी त्या रात्री जे म्हणाले... जाऊ दे, ते आज नको.

इतकी वर्षं सिनेमा बघतेय आणि एवढंसं ओळखता येऊ नये? तासभर नुसती वही मांडीवर घेऊन बसले. रडूच यायला लागलं होतं, खरं सांगायचं तर.

मग २०१२ चा ‘हॉबिट’ आठवला. तो मुळातच सेकंदाला ४८ चित्रांनी टिपलेला. काही थिएटरांत तसाच दाखवला तेव्हा कितीतरी लोकांची तक्रार हीच होती: सेट सेट दिसतात, मेकअप मेकअप दिसतो. म्हणजे माझ्या डोळ्यांना खटकलं ते खरंच खटकण्यासारखं होतं. डोळे चुकले नाहीत, मी नाव चुकीचं घेतलं. एवढं लक्षात आलं आणि श्वास जरा खाली बसला.

शिवाय सगळंच काही पाण्यात गेलेलं नाही. ‘टोकियो स्टोरी’त कॅमेरा जवळजवळ हलतच नाही, माणसं बसलेली असतात. तिथे यंत्राला लुडबुड करायला जागाच कमी. ती नोंद राहू दे. लांब पॅन (कॅमेरा आडवा फिरतो ते), पाठलाग, तलवारी, हाताने काढलेलं ॲनिमेशन, एवढ्या नोंदींपुढे पेन्सिलीने फुली केली. ३७ निघाल्या. मूकपट वेगळे ठेवलेत. १८ च्या गतीने टिपलेला २४ ने चालवला की सगळं एक तृतीयांश जलद पळतं, आणि विनोदी मूकपट तर मुद्दामच हळू टिपलेले असायचे. तिथे योग्य गती कुठली हाच वाद, टीव्हीला दोष देऊन भागणार नाही.

सेटिंगही आत्ताच लावून टाकलं, ॲप चालू ठेवूनच: सिनेमा मोड, स्मूदिंग बंद, शार्पनेस जवळजवळ शून्यावर, नॉइज रिडक्शन बंद. एचडीआरचा सिनेमा लावून तिथेही तेच पुन्हा. मग नावांची पट्टी परत लावली. ठेचकाळली. बरं वाटलं.

नॉइज रिडक्शनवरून मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. ते फिल्मचे कण पुसतं, आणि कणांसारखं जे जे दिसेल तेही पुसतं. १९५९ च्या ‘कागज़ के फूल’मधला तो रिकामा स्टुडिओ, वरून तिरका उतरलेला उन्हाचा झोत. छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून वळवून आत आणलेलं ऊन. त्या झोतात धूळ तरंगते. तिच्यामुळेच तर तो झोत हात लावावा असा भरीव होतो. वहीत त्या प्रसंगापुढे माझे दोनच शब्द आहेत: ‘प्रकाश छान.’ धुळीचा उल्लेख नाही.

साडेबारा वाजलेत. तेवढाच प्रसंग लावते आणि झोपते.