आमची वाटचाल : थ्रीडीत दिसलं तेच साइटवर

इंटिरियरच्या धंद्यात आमचं नाव निघालं की लोक एकच सांगतात, "त्यांचं प्रेझेंटेशन एकदा बघा, मग ठरवा." हे नाव आम्ही कमावलेलं आहे. मध्ये एकदा ते जवळजवळ दुसऱ्याच्या खिशात गेलं होतं. कसं गेलं आणि आम्ही ते परत कसं आणलं, हे सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात दोघांची. मी आणि दादा. दादा वयाने माझ्यापेक्षा खूप मोठे, हयात ड्राफ्ट्समन म्हणून काढलेली. भागीदारीत डिझाइन आणि क्लायंट माझ्याकडे, ड्रॉइंग बोर्ड त्यांच्याकडे. त्यांच्या रोटरिंगच्या, म्हणजे शाईने ठरावीक जाडीची रेघ काढणाऱ्या पेनांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर, अशी ओळीने लावलेली. प्रत्येक पेन आधीच्यापेक्षा साधारण १.४ पट जाड. म्हणजे ए४ कागदावरचं ड्रॉइंग ए३ वर तेवढंच पट मोठं केलं की ०.३५ ची रेघ बरोबर ०.५ ची होते आणि त्याच पेनाने पुढचं काम करता येतं. आजच्या मुलांना हे सांगितलं की ती नुसती बघत राहतात. काम सुरू करण्याआधी दादा पेन कानाशी धरून हलवायचे. आतलं वजन टिकटिक वाजलं तर पेन चालू, नाही वाजलं तर आधी धुवायचं. ट्रेसिंग पेपरवर रेघ चुकली तर अर्ध्या ब्लेडने अलगद खरवडायची, नाहीतर त्याच जागी शाई फुटते. ट्रेसिंगवरून काढलेल्या प्रतीच्या, म्हणजे अमोनिया प्रिंटच्या वासाने डोळ्यांतून पाणी यायचं, पण ती निळी रेघ क्लायंटच्या टेबलावर उलगडली की आमची अर्धी लढाई झालेली असायची.

दादांचं खरं कसब पर्स्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे खोली डोळ्यांना दिसेल तशी काढलेल्या चित्रात. आम्ही त्याला व्ह्यू म्हणतो. बहुतेक लोक डोळ्याची उंची १५०० किंवा १६०० मिलिमीटर धरतात आणि सगळ्या खोल्या तशाच काढतात. दादा हॉलचा व्ह्यू १२०० वर लावायचे. "अगं, हॉलमध्ये माणूस बसलेला असतो," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. बघणाऱ्याला कारण कळायचं नाही, पण आपण त्या खोलीतच आहोत असं वाटायचं. आजही आमच्या ऑफिसात थ्रीडीचा कॅमेरा लावताना पहिला प्रश्न हाच असतो, इथे माणूस बसलाय की उभा आहे?

आमच्या जुन्या क्लायंट, डॉक्टर बाई, याच काळात आल्या. मी १:५० चा प्लॅन पसरून फर्निचरची मांडणी, जाण्यायेण्याची वाट, वॉर्डरोब आत ६०० मिलिमीटर खोल असं सगळं मनापासून समजावत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात मी कुठे बसणार?" मी प्लॅनवर बोट ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. दादांनी काही न बोलता व्ह्यूवर एक ट्रेसिंग अंथरलं आणि पेन्सिलने त्यांची जुनी हातांची खुर्ची काढली, माप घ्यायला गेलो होतो तेव्हा पाहिलेली. शेजारी उभा दिवा, खाली ठेवलेली पुस्तकं. बाई पुढे वाकल्या. "हां, आता कळलं. करा सुरू."

तेव्हापासून आमच्या प्रत्येक व्ह्यूमध्ये क्लायंटच्या घरची एक तरी खरी वस्तू असते. कॅटलॉगमधला सोफा कितीही सुंदर काढा, माणूस आधी स्वतःची वस्तू शोधतो. प्लॅन वाचता येणं ही शिकून येणारी गोष्ट आहे. क्लायंटला ती यावी अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे, आणि ज्याला प्लॅन कळला नाही तो तसं सांगतही नाही. "विचार करून कळवतो" म्हणतो आणि जातो.

पुढची काही वर्षं चांगली गेली.

मग कॉम्प्युटरवरचे रेंडर आले, म्हणजे फोटोसारखी दिसणारी खोलीची चित्रं. अशी चित्रं करणारं व्ही-रे हे सॉफ्टवेअर २००२ मध्ये आलं आणि बघता बघता क्लायंट "थ्रीडी द्या" म्हणायला लागले. आमच्या जवळच एक नवी फर्म सुरू झाली. त्यांचं नाव मी घेणार नाही. आम्ही एका मोठ्या ऑफिसच्या कामात शिरलो होतो. पूर्ण मजला होता. प्लॅन, एलिव्हेशन (भिंती समोरून दिसतात तशी ड्रॉइंग), केबिनच्या काचेच्या पार्टिशनचे डिटेल, रिसेप्शनचं वळणदार टेबल, सगळं ए१ बोर्डांवर लावून दिलं. दादांनी त्या टेबलाची बाहेरची त्रिज्या १८०० ठेवली होती, आतून ६ मिमीच्या प्लायचे दोन थर वाकवून, वर व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. फायली हातात घेऊन येणाऱ्या माणसाचं कोपर कुठे टेकेल इथपर्यंत त्यांनी विचार केला होता. "बोर्ड राहू द्या, वरच्यांना दाखवायचे आहेत," असं आम्हाला सांगितलं गेलं. बोर्ड राहिले आणि काम त्या दुसऱ्या फर्मला मिळालं. मजला तयार झाल्यावर मी बघून आले. प्लॅन आमचा, पार्टिशन आमची, टेबल तर त्रिज्येसकट आमचं.

ड्रॉइंगवर काढणाऱ्याचा हक्क असतो हे मलाही ठाऊक होतं. पण या कामाच्या भरवशावर आम्ही मोठी जागा घेतली होती, माणसं घेतली होती, कर्ज काढलं होतं. पगार थकलेला असताना वकिलाकडे कोण जाणार? माणसं एकेक करून गेली. आणि ती फर्म आमची पुढची कामंही उचलू लागली, तीही रेंडरच्या जोरावर.

त्या रेंडरांबद्दल मी स्पष्ट लिहिणार आहे. कॅमेऱ्याची लेन्स इतकी रुंद की लहानशी खोली सभागृह दिसावी. तीन माणसांचा सोफा २१०० च्या आसपास लागतो, यांच्या चित्रात तो १६०० चा. छताखालची बीम गायब. आतला कॉलम गायब. खिडकी नसलेल्या भिंतीवर ऊन. लोक भुलायचे, मग साइटवर बीम दिसली की भांडणं, आणि तोवर ॲडव्हान्स दिलेला असायचा. आमचे खरे व्ह्यू त्यांच्याशेजारी ठेवले की आमची खोली लहान दिसायची. खरं काढलं म्हणून हरतोय, हे मला सहन होत नव्हतं.

त्या वर्षात डॉक्टर बाईंनी क्लिनिकचं काम दिलं. ड्रॉइंग बघायच्या आधी अर्धे पैसे दिले. म्हणाल्या, "मला माहीत आहे तुम्ही काय दाखवता." आमचे त्या महिन्याचे पगार त्यातून झाले. हे मी कधी विसरणार नाही.

दुसरा आधार दादांचा. २००६ मध्ये गूगलने स्केचअप हे थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि त्याची मोफत आवृत्ती आली. दादांनी पेनं पुसून बाजूला ठेवली आणि माउस हातात धरला. त्या वयात! त्यांनी पहिलं मॉडेल केलं ते त्याच खुर्चीचं, बाईंकडे जाऊन पुन्हा माप घेऊन. मग त्यात त्यांना फोटोवर मॉडेल बसवायची सोय सापडली आणि आमचं प्रेझेंटेशन कायमचं बदललं.

आमची पद्धत अशी. साइटवर जायचं, एका जागी उभं राहून मोकळ्या खोलीचा फोटो काढायचा आणि कॅमेऱ्याची जागा जमिनीवर खडूने आखून तिचं माप लिहून घ्यायचं. मॉडेलमधला कॅमेरा त्याच जागी, त्याच लेन्सवर लावायचा. ए३ वर खाली रेंडर आणि त्यावर फोटोची झडप, म्हणजे उचलता येईल असा एकाच कडेने चिकटवलेला कागद. क्लायंटने स्वतःच्या हाताने झडप उचलायची. बीम जिथे आहे तिथेच, फक्त आता तिच्या कडेने दिवे लागलेले. काम पूर्ण झालं की त्याच जागेवरून तिसरा फोटो काढायचा आणि तिन्ही एका पानावर लावून अल्बममध्ये ठेवायचे. नव्या क्लायंटसमोर आम्ही आधी हा अल्बमच ठेवतो.

झडपेची युक्ती जुनी आहे, हे मला पुढे कळलं. इंग्लंडमध्ये हम्फ्री रेप्टन नावाचा बागा आखणारा १७८८ पासून हेच करत होता. जलरंगात आजची बाग, झडप उचलली की उद्याची, आणि हे सगळं लाल चामड्यात बांधलेलं पुस्तक. काम तो सहसा स्वतः करून देत नसे, पण पुस्तकाचे पैसे घेत असे. हे वाचलं त्याच आठवड्यात आम्हीही पहिल्या प्रेझेंटेशनची फी सुरू केली.

पारडं आमच्या बाजूने फिरलं ते एका जोडप्यामुळे. त्या फर्मचं बेडरूमचं रेंडर घेऊन ते आमच्याकडे आले. बेडचं डोकं आणि दार एकाच भिंतीला होतं. दादांनी पट्टी ठेवली. दार २१०० उंच धरलं तर डबल बेड १२०० रुंद निघाला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग आम्ही त्यांच्या खोलीचा आमचा झडपेचा व्ह्यू केला, १८०० च्या बेडसकट. खोली भरलेली दिसत होती, कारण ती तेवढीच होती. काम आम्हाला मिळालं, त्यांच्या भावाचंही आणि मग ऑफिसचंही.

या धंद्यात नव्याने आलेल्यांनी विचारलेलं नाही, तरी सांगते. २४ मिमीपेक्षा रुंद, म्हणजे त्याहून कमी आकड्याची, लेन्स लावू नका. दोनपेक्षा जास्त पर्याय दाखवू नका, तिसरा पर्याय आला की क्लायंट तिन्हींचे तुकडे जोडायला बसतो. आधी फोटो, मग व्ह्यू, मग प्लॅन, मग हातात सॅम्पल, आणि आकडा शेवटी. प्रेझेंटेशन मेलवर पाठवून मोकळे होऊ नका, समोर बसा आणि माणसाची नजर कुठे अडते ते बघा. लॅमिनेटचा (सनमायकाचा) तुकडा दुकानातल्या उजेडात पसंत करून घेऊ नका. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फटकून दिसतात, म्हणून आम्ही टेबलावर ३००० केल्विनचा पिवळसर आणि ६५०० केल्विनचा पांढरा असे दोन दिवे ठेवतो आणि तिसऱ्यांदा खिडकीशी नेऊन दाखवतो. संध्याकाळचा एक व्ह्यू द्याच, कारण नोकरदार माणूस स्वतःचं घर जास्त करून दिवे लागल्यावरच बघतो.

आता क्लायंट फोनवर एआयने केलेली चित्रं घेऊन येतात. मिनिटभरात तयार. त्यात कपाटाची दारं एकमेकांवर आदळतात, कधी सावल्या दोन दिशांना पडलेल्या असतात. माझी तरुण टीम वैतागते. मी त्यांना सांगते, चित्राला नावं ठेवायची नाहीत. त्यातलं काय आवडलं ते विचारा, आणि ते त्याच्याच खोलीच्या फोटोवर, खऱ्या मापात बसवून दाखवा. गेल्या काही महिन्यांतली आमची बरीच कामं अशीच आली.

फीचा नियम पक्का आहे. मोजमाप आणि एक झडपेचा व्ह्यू यांचे पैसे आधी, काम दिलंत तर ते बिलातून वजा. डिटेल ड्रॉइंग करार झाल्यावरच ऑफिसबाहेर जातं. "बोर्ड राहू द्या" म्हणणाऱ्यांना आम्ही हात जोडतो आणि बोर्ड घेऊन परत येतो.

ते वळणदार रिसेप्शन टेबल त्या फर्मच्या माहितीपत्रकात अजून पहिल्या पानावर आहे, त्यांचं काम म्हणून. त्याचं मूळ ट्रेसिंग आमच्याकडे आहे, दादांच्या अक्षरातल्या मापांसह आणि तारखेसह. ज्याला शंका असेल त्याने येऊन बघावं.