केंद्रके मोजताना

सांगलीच्या आसपास साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले, की ऊसतोडणीच्या टोळ्यांमधील माणसे आमच्या लॅबमध्ये शौच तपासणीसाठी येऊ लागतात. नमुना सकाळी कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, घेतलेला असतो आणि हातात पडेपर्यंत दुपार उलटते. हा उशीर मला सलतो, कारण पातळ शौचातील जिवंत अमिबा अर्ध्या तासाच्या आत पाहिला नाही, तर त्याची हालचाल थांबते आणि त्याला ओळखणे अवघड होते. पुटी, म्हणजे अमिबाची कवचातली निश्चल अवस्था, मात्र टिकून राहतात, आणि माझ्या हातून चूक घडली ती पुटीच्याच बाबतीत.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका तरुणाच्या नमुन्यात, आयोडीनमध्ये, मला पिवळसर गोल पुटी दिसली. मी चार केंद्रके मोजली आणि ‘एन्टामिबा हिस्टोलिटिका’ असे, म्हणजे आमांश करणाऱ्या अमिबाचे नाव, लिहून रिपोर्ट दिला. दुसऱ्या दिवशी आमच्या मॅडमनी जपून ठेवलेल्या त्याच नमुन्याची नवी स्लाइड लावली आणि सूक्ष्म फोकसचा स्क्रू अगदी सावकाश फिरवायला सांगितले. पुटी गोल असते, त्यामुळे एका पातळीवर सगळी केंद्रके दिसत नाहीत, हे पुस्तकात वाचलेले होते. पण पाचवे, सहावे आणि शेवटी आठवे केंद्रक एकेक करून उजळत वर आले, तेव्हा ते खरोखर समजले. नेत्रिकेतील मोजपट्टीवर पुटी 20 मायक्रॉन भरली. ती एन्टामिबा कोलायची होती, जी आतड्यात निरुपद्रवीपणे राहते. तोवर त्या तरुणाने तोंड कडू करणारे औषध सुरू केले होते, आणि त्याच्या पोटदुखीचे खरे कारण तसेच राहिले होते. त्याला बोलावून दुरुस्त रिपोर्ट हातात देतानाचा संकोच मी विसरलेलो नाही.

चारच केंद्रके असली, तरी हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी डिस्पार यांच्या पुटी सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारख्याच दिसतात, म्हणून मी आता दोन्ही नावे लिहितो. पोटात लाल रक्तपेशी घेतलेला फिरता अमिबा दिसला, तरच हिस्टोलिटिका म्हणण्याला आधार मिळतो.

अंकुशकृमीचे (हूकवर्मचे) अंडे त्या मानाने ओळखायला सोपे असते. सुमारे 60 मायक्रॉन लांब, काचेसारखे पातळ कवच, आत चार ते आठ पेशींचा पुंजका आणि पुंजक्याभोवती स्वच्छ मोकळी जागा. गेल्या हंगामात फिकट चेहऱ्याच्या एका तोडणीवाल्या बाईंच्या नमुन्यात ती अंडी एकामागून एक दिसत गेली, तेव्हा त्यांच्या रक्तक्षयाचे एक कारण समोर आले. अंकुशकृमींपैकी अन्सायलोस्टोमा जातीचा एकेक कृमी दिवसाला साधारण 0.2 मिलीलिटर रक्त वाया घालवतो. असाच नमुना दिवसभर उबेत पडून राहिला, तर अंडी फुटून अळ्या निघतात आणि त्या स्ट्राँगिलॉइडिस या दुसऱ्या कृमीच्या अळ्या वाटू शकतात. तेव्हा मुखपोकळी लांब आहे की आखूड, हे तपासावे लागते.

म्हणून यंदा मी मुकादमांकडे रिकाम्या डब्या आधीच देऊन ठेवल्या आहेत, आणि प्रत्येक डबीवर नमुना घेतल्याची वेळ लिहिण्यासाठी पट्टी चिकटवली आहे.