तुम्ही विचारलंत म्हणून : प्रायर होतो, आता नाही

वसईला गावी आलो की लग्नघरी असो वा मयताला, कोणीतरी मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारतेच : "फादर, तुम्ही तर मठाचे प्रायर होतात, मग तुम्हाला काढले का?" त्यामागे काळजी असते हे मला कळते, तरीही दर वेळी तोच संशय ऐकून जीव विटतो, म्हणून एकदा नीट लिहून उत्तर देतो.

मला कोणी काढले नाही. प्रायर म्हणजे मठाचा प्रमुख. आम्हा डॉमिनिकनांमध्ये, म्हणजे संत डॉमिनिक यांच्या कॅथलिक संघात, मठातले बंधूच गुप्त मतदानाने प्रायर निवडतात, संघाच्या प्रांताचे प्रमुख, म्हणजे प्रोव्हिन्शियल, त्या निवडीला मान्यता देतात आणि मुदत ३ वर्षांची असते. ती संपली की कालचा प्रायर इतरांच्या पंगतीत बसतो आणि ज्याला काल काम नेमून देत होता त्याची आज्ञा पाळतो. आमच्या पहिल्या बंधूंनी १२१७ मध्ये एक अ‍ॅबट, म्हणजे सहसा आयुष्यभरासाठीचा मठाधिपती, निवडला होता, पण त्यानंतर ते पद संघात राहिले नाही. १२२० मध्ये इटलीतील बोलोन्याला भरलेल्या चॅप्टरमध्ये, म्हणजे संघाच्या सभेत, तर खुद्द संत डॉमिनिक यांनी आपल्याला पदावरून दूर करावे अशी विनंती केली. बंधूंनी ती मानली नाही, तेव्हा चॅप्टर चालू असेपर्यंत आपल्यावरही निवडलेल्या प्रतिनिधींचा अधिकार चालेल असे त्यांनी ठरवून घेतले. संस्थापकच जिथे पायउतार व्हायला तयार होते, तिथे मुदत संपणे ही बदनामी कशी?

मात्र एवढ्यावर थांबलो तर उत्तर अर्धवट राहील. लागोपाठ दुसऱ्यांदा निवड होऊ शकते, आणि बंधू माझे नाव घेणार होते; ते घेऊ नका असे मीच सांगितले.

आमच्याकडे एका तरुण ब्रदरच्या अंतिम व्रतांचा, म्हणजे त्याला कायमचे संघात घेण्याचा, प्रश्न आला होता. अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध फादरांची सेवा तो रात्री-अपरात्री उठून करी, पण सामुदायिक प्रार्थना आणि अभ्यास त्याच्या हातून वारंवार सुटत, आणि मठात राहायचे की नाही याविषयी त्याचे स्वतःचेच मन स्थिर नव्हते. मठाच्या चॅप्टरमध्ये, म्हणजे बंधूंच्या बैठकीत, चर्चा लांबली, मतदान झाले, कौल त्याच्या विरोधात गेला आणि प्रोव्हिन्शियलांनीही तो उचलून धरला. त्याला सांगण्याचे काम माझे होते. त्याने शांतपणे ऐकले आणि फादरांच्या रात्रीच्या गोळ्या कोण देणार, एवढेच विचारले.

पुढच्याच आठवड्यात त्याची आई आली. भेटीच्या खोलीत तिने सुकेळ्यांचा पुडा टेबलावर ठेवला, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "फादर, तुम्हीच इथले मोठे ना? मग तुमच्या शब्दापुढे ते जातील कसे?" प्रायर बैठकीचा अध्यक्ष असतो, त्याचे मत एकच असते, सर्वांनी मिळून घेतलेला निर्णय त्याला एकट्याला फिरवता येत नाही, हे सारे मी तिला समजावले. ती ऐकत राहिली, आणि मग तिने विचारले, "तुमचे मत कुणाला होते?" मतदान गुप्त होते, मी सांगितले नाही, इथेही सांगणार नाही. पुडा तसाच ठेवून ती एसटी गाठायला उठली.

प्रायरपद स्वीकारताना मी म्हणे की अधिकार सर्वांमध्ये वाटलेला असणे हेच आमच्या संघाचे बळ आहे, एका माणसाच्या मर्जीपेक्षा ते केव्हाही बरे. आजही मी तेच म्हणतो. पण तेव्हाच्या मला हे ठाऊक नव्हते की निर्णय सर्वांचा असला तरी त्या खोलीत बसायला एकटाच माणूस जातो, आणि समोरच्या आईला चॅप्टर दिसत नाही, तोच दिसतो. तेव्हाचा मी मला सुनावतो की म्हणून पद नाकारणे म्हणजे ते ओझे दुसऱ्या बंधूवर टाकणे. त्याचे हे म्हणणे मला खोडता येत नाही. मी त्याला एवढेच सांगतो की ज्याच्या मनात ती बाई अजून बसलेली आहे, तो पुढच्या तरुणाच्या बाबतीत निःपक्षपाती राहीलच असे नाही, आणि मठाला तसा प्रायर देणेही योग्य नव्हे.

पुन्हा निवडून दिले तर काय कराल, असेही तुमच्यापैकी काही जण विचारतात. मी आज्ञापालनाचे व्रत घेतले आहे, त्यामुळे कायमचा नकार देणे माझ्या हातात नाही, आणि आज मनापासून होकार देईन असेही मला म्हणवत नाही.