चारवर पाय टाकणारे ताशावाले दादा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी पुण्यात साल्सा शिकवते, आणि गुरुवारी संध्याकाळी आमची फक्त शाइन्सची बॅच असते, म्हणजे पार्टनर नाही, एकट्याने करायचं फूटवर्क आणि स्टायलिंग. त्या बॅचला एक दादा यायचे, चाळिशीचे, बरीच वर्षं पथकात ताशा वाजवणारे.

साल्सात आठ मात्रा, पावलं १-२-३ आणि ५-६-७ वर, ४ आणि ८ ला थांबायचं. दादा दर वेळी चारवर पाय टाकायचे, तोही पूर्ण वजन देऊन, मग पाचला भलताच पाय मोकळा राहणार आणि पुढचं सगळं उलटं होणार. तीन आठवडे मी नुसतं "थांबा, थांबा" करत होते.

त्या दिवशी सुझी क्यू नावाचं फूटवर्क चालू होतं, ते मध्येच उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, तिथे वाजतंय की. वाजत असताना पाय गप्प कसा ठेवू?"

काय वाजतंय विचारलं तर त्यांनी खुर्चीच्या पाठीवर वाजवून दाखवलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. तो कोंगाचा, म्हणजे हाताने वाजवायच्या उंच क्यूबन ड्रमचा, तुंबाओ होता, दर चार मात्रांनी फिरून येणारा ठेका. दोनवर कडक थाप, चारवर आणि त्याच्या लगेच मागे अर्ध्या मात्रेवर असे दोन खुले, घुमणारे ठोके. डान्सर जिथे थांबतो नेमका तिथेच ड्रम बोलतो, आणि मी इतकी वर्षं मोठ्याने आकडे मोजून तोच आवाज झाकत होते!

मग मोजणं बंद केलं, कोंगा स्पष्ट ऐकू येईल असं गाणं लावलं. म्हटलं दादा, ती चौथी मात्रा तुमचीच, फक्त तिला वजन देऊ नका, बोटांनी नुसता टॅप करा. दुसऱ्यांदाच जमलं. वजन एका पायावर नीट बसलं, गुडघा सरळ होत गेला तशी कंबर आपोआप फिरली, आणि चारच्या ठोक्याला त्यांचा खांदा किंचित खाली गेला. हे मी शिकवलं नव्हतं. स्टायलिंग म्हटलं की लोक आधी मनगटं फिरवतात, पण हात पाठीतून यायला हवा आणि वजन बदलल्यावरच यायला हवा, हे मी सगळ्यांना सांगून थकते आणि इथे ते समोर घडत होतं.

राहवेना म्हणून त्यांना ऑन टू दाखवलं, न्यूयॉर्कच्या एडी टोरेसनी मोजणीत बसवून शिकवलेली पद्धत, ब्रेक, म्हणजे दिशा बदलणारं पाऊल, २ आणि ६ वर, म्हणजे बरोबर त्या कडक थापेवर. इतरांना महिने लागतात, यांनी दहा मिनिटांत पकडलं.

नंतर मागच्या रांगेतल्या दोघी त्यांना खुर्ची वाजवायला सांगून त्यावरच प्रॅक्टिस करत बसल्या, हॉल बंद करायला वॉचमन येऊन उभा राहिला तरी.