पायडलशिवाय पासिंग नाही

मुंबईच्या मस्जिद बंदरातल्या एका व्यापाऱ्यासाठी माल बघायला मी 2023 मध्ये चीनमधल्या यीवूला राहायला आलो. चच्यांग प्रांतातलं हे शहर तिकडच्या मानाने लहान, पण घाऊक बाजार अफाट. 75 हजारांच्या वर गाळे! दोन दिवसांत पाय भरून आले आणि गाडी घ्यायचं ठरलं.

त्याआधी रस्ता ओलांडायला शिकावं लागलं. आपण सांगलीत काय किंवा पुण्यात काय, निम्मा रस्ता कानांनी ओलांडतो. हॉर्न ऐकू आला की बाजूला व्हायचं. इथल्या दुचाक्या आणि मालाच्या तिचाक्या बहुतेक बॅटरीवरच्या, त्यामुळे अंगावर येईपर्यंत चाहूलच लागत नाही. त्यात वाहतूक उजव्या बाजूने, आणि सिग्नल लाल असतानाही मोटारी उजवीकडे वळतात. पहिल्याच आठवड्यात एक तिचाकी माझ्या बाहीला घासून गेली. हौद्यात पुरुषभर उंच खोकी रचून दोरीने करकचून आवळलेली, आणि चालवणाऱ्या बाई एका हाताने वरचं खोकं सावरत होत्या. त्या दिवसापासून आधी डावीकडे बघितल्याशिवाय मी पाऊल टाकत नाही.

मग नवी ई-बाईक घेतली. कायद्याने ती सायकलच, म्हणून लायसन्स लागत नाही. पण तेव्हाच्या, म्हणजे 2019 च्या नियमाप्रमाणे सायकल ठरायची तर वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत, वजन बॅटरीसकट 55 किलोपर्यंत आणि पायडल हवेतच. शिवाय नंबर प्लेट सक्तीची. पासपोर्ट, बिल आणि गाडीचं प्रमाणपत्र घेऊन खिडकीशी गेलो. तिथल्या माणसाने कागदांना हातही लावला नाही. बाहेर येऊन वाकला आणि मोकळ्या क्रँककडे बोट दाखवलं.

पायडल नव्हते. दुकानदाराने ते बसवलेच नव्हते. पिशवीत घालून सीटखाली टाकले होते आणि मला चकार शब्द बोलला नव्हता. अर्धा दिवस फुकट गेला याचा मला खरंच राग आला. शेजारच्या गॅरेजातून पाना मागून आणला आणि फुटपाथवर बसून पायडल लावायला घेतले. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे लहानपणी घराजवळच्या सायकल दुकानात बघितलं होतं, तेच उपयोगी पडलं. परत रांगेत उभा राहिलो. त्याने चासीचा नंबर प्रमाणपत्राशी ताडून बघितला, फोटो काढला आणि प्लेट हातात दिली. जाताना स्वतःच्या डोक्यावर थाप मारून हेल्मेटची आठवणही करून दिली. या प्रांतात ते 2020 पासून सक्तीचं आहे.

थंडीत याच गाडीला मी गोधडी चढवतो. हँडलला बांधायची, पुढून गुडघ्यांपर्यंत येणारी, हात घालायला दोन कप्पे शिवलेली. सकाळी सिग्नलला अशा शंभरेक फुलाफुलांच्या गोधड्या ओळीने उभ्या असतात आणि आवाज म्हणून काही नसतो. हे दृश्य मला फार आवडतं. अधूनमधून त्यांच्यात एखादी कपाटाएवढी बंद चारचाकी दिसते. तिला लोक ‘लाओथोउ-ल’ म्हणतात, म्हणजे म्हाताऱ्यांची मजा.

सप्टेंबर 2025 पासून नव्या नियमात पायडलची सक्ती उठली. माझे मात्र मी काढले नाहीत. परवा बॅटरी संपली तेव्हा त्यांच्यावरच खोलीपर्यंत आलो.